मधलं नाव

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून आहे. खरा जन्म दिवाळीतला. पाडव्याच्या आदल्या दिवशी की नंतर, यावर आई आणि आत्या यांचं कधी एकमत झालं नाही. पहिलीत नाव घालायला नेलं तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, तारीख काय लावू? वडील म्हणाले, तुम्हाला सोयीची लावा. जूनमध्ये शाळा सुरू होते, वय भरलेलं दिसायला हवं, म्हणून एक जून. माझ्या वर्गात एक जूनची बरीच मुलं होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

नेदरलँड्समध्ये मात्र वाढदिवस ही गंभीर बाब आहे. ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसात केक आणायचा, सगळ्यांनी रांगेने हात मिळवायचा. त्यामुळे दर एक जूनला मी उइटहॉर्नहून मांडीवर अ‍ॅपल पायचा खोका घेऊन ट्राममध्ये बसतो, पुढे ट्रेन पकडतो आणि रॉटरडॅमच्या ऑफिसात मुख्याध्यापकांनी दिलेला वाढदिवस साजरा करतो.

आमच्या चमूत माझ्याखेरीज मराठी अशी एकच होती. पुण्याची, तिशीतली, माझ्या हाताखाली काम करणारी. तिचा नवरा एनस्खेडेला विद्यापीठात संशोधन करायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी ट्रेनने घरी यायचा. डच लोकांसारखी तीही ऑफिसात मला नावाने हाक मारत असे, पण मराठीत बोलायला लागली की लगेच 'सर'.

"अगं, इथे कोणी सर नसतं," मी एकदा म्हटलं होतं.

"डचमध्ये नसतं. मराठीत असतं. मराठीत तुम्हाला नावाने हाक मारली तर आई पुण्याहून येऊन कानाखाली देईल."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या एक जूनलाही ती माझ्या टेबलाशी आली, हात पुढे केला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हॅपी हेडमास्तर डे, सर." मी अ‍ॅपल पाय कापत होतो. हात क्रीमने भरले होते, मागे लोक बशा घेऊन उभे होते. तेवढ्यात तिने कामाचं काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. ती बशी घेऊन गेली. हे सगळं मला नंतर आठवावं लागलं.

आमचं काम थोडं समजावून सांगायला हवं. कंपनी मालवाहतुकीची, मूळची अमेरिकन. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनेचे हिशेब आमच्या मजल्यावर होतात. अमेरिकन कायद्याला एक भीती आहे, की अशा योजनेचा फायदा वरच्या पगाराचे लोकच उपटतील. म्हणून दरवर्षी 'जास्त पगारवाले' वेगळे काढायचे, आणि त्यांनी पगाराच्या मानाने किती पैसे योजनेत टाकले, बाकीच्यांनी किती, हे ताडून पाहायचं. तफावत फार निघाली तर जास्त पगारवाल्यांना काही पैसे परत दिले जातात आणि त्यावर त्यांना कर भरावा लागतो. म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा असा अर्ध्या वाटेवरून परत आलेला कोणालाच आवडत नाही.

जास्त पगारवाले कोण, तर पगाराच्या उतरंडीतला वरचा पाचवा हिस्सा, असं आमच्या कंपनीने ठरवलेलं होतं. आता हा पाचवा हिस्सा कुठेतरी संपतो, आणि जिथे संपतो तिथे कधी कधी दोन माणसं नेमक्या एकाच पगारावर उभी असतात. जागा एकच. एकाला आत घ्यायचं, दुसऱ्याला बाहेर ठेवायचं. बाहेर राहणारा सुखी. कोणाला आत घ्यायचं हे ठरवायची रीत तुम्ही निवडा, पण ती सगळ्यांना सारखी लावा, माणूस बघून बदलू नका, एवढंच नियम सांगतो. आमची रीत वयाची होती. पगार सारखा असेल तर जो वयाने मोठा तो आत.

त्या वर्षीची यादी आमच्या त्या पुणेकरणीने केली होती. मी ती तपासायची आणि आमच्या बॉसने शेवटची नजर टाकायची. बॉस डच बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पाऊस असो की वारा, सायकलवरून येणारी. ऑक्टोबरात तिने मला बोलावलं आणि पडद्यावरच्या दोन ओळी दाखवल्या.

"इथे काहीतरी चुकलंय. पगार तोच, जन्मतारीख तीच, वर्षसुद्धा तेच. एकच माणूस दोनदा आलाय का?"

मी पाहिलं. दोघंही आपल्याकडचे. आडनावं वेगळी. जन्मतारीख एक जून. मला हसू आलं. मी तिला मुख्याध्यापकांची गोष्ट सांगितली.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "म्हणजे तुझी तारीखही खोटी?"

"खोटी नाही. शाळेची."

"आणि आम्ही इतकी वर्षं तो पाय खातोय?"

"पाय खरा होता."

ती हसली. "बरं. दोन वेगळी माणसं. वय सारखं. मग कोण आत, कोण बाहेर, हे कसं ठरवलं?"

यादीत उत्तर होतं. जो आधी रुजू झाला तो आत, नंतरचा बाहेर. आमच्या लेखी रीतीत वयाच्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगतो. आणि जागेवर येऊन ती ओळ पुन्हा उघडली. तेव्हा मला त्या बाहेर राहिलेल्या माणसाचं पूर्ण नाव नीट दिसलं.

त्याचं आडनाव यादी करणारीचंच आडनाव होतं. लग्नानंतर तिने नाव बदललं नव्हतं. आणि मधलं नाव, वडिलांचं नाव, तेही तेच.

डच माणसाला यातून काही कळलं नसतं. मधलं नाव म्हणजे त्यांना आजीच्या नावावरून हौसेने ठेवलेलं आणखी एक नाव वाटतं. पण मराठी माणूस मधलं नाव वाचतो तेव्हा घरच वाचतो. बाप तोच, आडनाव तेच. म्हणजे भाऊ. मला ते इतकं स्वच्छ दिसलं की तिच्या टेबलाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ती माझ्या समोरच बसायची.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. रुजू होण्याचीच तारीख का? कर्मचारी क्रमांक का नाही? क्रमांक तिथे शाखेप्रमाणे मिळतात, रुजू होण्याच्या क्रमाने नाही. मी ते लावून पाहिले. क्रमांक लावला असता तर हा आत गेला असता. आडनावाच्या क्रमाने पाहिलं, तरी हा आत. फक्त रुजू होण्याच्या तारखेने तो बाहेर राहत होता. ती दुपारी फोन घेऊन जिन्यात गेली की मी घड्याळ बघायचो, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ होत असे. तिने मला काही विचारलं की वाटायचं, हे मुद्दाम विचारतेय, मला किती कळलंय ते बघायला. विचारलं नाही की वाटायचं, टाळतेय.

आणि एक गोष्ट तर मला आधीपासून माहीत होती. आदल्या वर्षी दिवाळीत ती आणि तिचा नवरा आमच्याकडे दुपारी जेवायला आले होते. भाऊबीज होती. तिने जेवण अर्धं टाकून फोन लावला होता, पडद्यासमोर ताम्हन फिरवलं होतं, आणि बायकोला म्हणाली होती, "दादा अमेरिकेत असतो ना, वहिनी. त्याच्याकडे आत्ता कुठे उजाडलंय."

मी बायकोला जेवताना सगळं सांगितलं. तिने पोळी वाढता वाढता ऐकून घेतलं.

"दादा म्हणजे सख्खाच असतो का? तुमच्या मामेबहिणी तुम्हाला काय म्हणतात?"

"मधलं नाव तेच आहे गं. आडनाव तेच आहे."

"मग विचारा की तिला. समोर तर बसते."

"असं कसं विचारणार? ती नाहीच म्हणणार."

"म्हणजे हो म्हणाली तर खरं, आणि नाही म्हणाली तरी खरं?" बायको म्हणाली. "अहो, तिचं घर घ्यायचं चाललंय. मला म्हणाली होती, वहिनी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालवा दिसतो. आधी तिला विचारा."

घराचं मलाही माहीत होतं. तिचा तात्पुरता करार डिसेंबरात संपत होता आणि आणखी एक तात्पुरता देण्याची कायद्याने सोय उरली नव्हती. आता एक तर कायमची नोकरी, नाही तर निरोप. निरोप मिळाला तर तिचा इथे राहण्याचा परवानाही त्या नोकरीबरोबर जाणार. कायमच्या कराराचं पत्र दिल्याशिवाय बँक घरासाठी कर्ज द्यायला तयार नव्हती. पत्राला बॉसची सही लागणार होती आणि त्याआधी माझा अभिप्राय. तो लिहून माझ्याकडे तयार होता, आणि चांगला होता. मी तो पाठवला नाही.

तिला न विचारण्याचं कारण मी बायकोला सांगितलं ते खरं नव्हतं. मला भीती वेगळीच होती. उद्या हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं, तर म्हणतील, याने आपल्या माणसाला झाकलं. इतकी वर्षं इथे राहून मी एक गोष्ट जपली होती, की हा माणूस आपल्या लोकांची बाजू घेत नाही, असं सगळ्यांना वाटावं. मुलाखतीला कोणी मराठी उमेदवार आला तर मी त्याला इतरांपेक्षा अवघड प्रश्न विचारायचो. त्याला मी न्याय म्हणायचो. तिला विचारलं असतं आणि ती रडली असती, तर मला ठरवावं लागलं असतं. सांगून टाकलं की ठरवायचं काम दुसऱ्याचं.

म्हणून मी बॉसला सांगितलं. मधलं नाव म्हणजे काय, तेही समजावलं. दादाचं सांगितलं. बोलताना माझा आवाज चांगलाच स्थिर होता, याची आता लाज वाटते.

तिने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तू तिला विचारलंस?"

"नाही."

"का?"

मी म्हटलं, हे नाजूक आहे.

"नाजूक काय आहे? भाऊ आहे की नाही, एवढंच तर आहे." मग तिने सुस्कारा सोडला. "पण आता तू मला सांगितलंयस. आता मला ते वर कळवावं लागेल, आणि ते मिटेपर्यंत तिच्या पत्रावर सही करता येणार नाही. तुला हे ठाऊक होतं ना?"

मला ठाऊक होतं.

वरच्या लोकांनी त्यांचा वेळ घेतला. दरम्यान ती दोनदा मला म्हणाली, "सर, पत्राचं काही कळलं का? घराचे मालक थांबतील असं वाटत नाही." दोन्ही वेळा मी म्हटलं, चाललंय. तिने मला एकदा डब्यातली शंकरपाळी दिली. मी ती घेतली आणि खाताना मनात आलं, ही मला खूश ठेवतेय.

शेवटी आम्ही तिघं एका काचेच्या खोलीत बसलो. बॉसने आढेवेढे घेतले नाहीत. पडद्यावर ती ओळ उघडली आणि इंग्रजीत विचारलं, "हा तुझा भाऊ आहे का?"

तिने वाचलं आणि तिला हसू फुटलं. मनापासूनचं. "नाही हो. मला भाऊच नाही. आम्ही दोघी बहिणी." मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिचं हसू थांबलं.

"आणि अमेरिकेतला दादा?" बॉसला तो शब्द नीट म्हणता आला. मीच तिला शिकवला होता.

"माझ्या मावशीचा मुलगा. दवाखान्यात काम करतो. त्याचं आडनावही वेगळं आहे." ती बॉसशी बोलत होती, पण बघत माझ्याकडे होती. दादाचं आमच्या घरातून इथवर कोणी आणलं असेल, हे तिला विचारावं लागलं नाही. मग ती मराठीत म्हणाली, अगदी हळू, "सर, आमच्या तालुक्यात ह्या आडनावाची गावंच्या गावं आहेत. आणि बाबांचं नाव देवाचं आहे, घरटी एक सापडेल. एक जूनला जन्मलेले सगळे तुमचे जुळे भाऊ का?"

बॉसने विचारलं, काय म्हणाली? मी भाषांतर केलं नाही. तिनेच केलं, शब्दाला शब्द.

मग बॉसने राहिलेला प्रश्न विचारला. वय सारखं निघाल्यावर रुजू होण्याची तारीख लावायची, हे ठरवलं कोणी?

"सरांनी," ती म्हणाली.

त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की ही खोटं बोलतेय. सुटायला माझं नाव घेतेय. मी म्हणालो देखील, "मला असं काही आठवत नाही."

"तुम्ही पाय कापत होतात. मी विचारलं, वयही सारखं असेल तर पुढे काय बघायचं? तुम्ही म्हणालात, जो आधी रुजू झाला तो मोठा, आपल्याकडे असंच असतं, आणि मला कडेचा तुकडा दिलात, कारण मला मधलं सफरचंद आवडत नाही."

कडेचा तुकडा ऐकला आणि सगळं परत आलं. बोटांवरचं क्रीम, मागची रांग, तिचा हेडमास्तर डे. तिने कोणाचं नाव घेतलं नव्हतं, कोणती तारीख सांगितली नव्हती. नुसती रीत विचारली होती, आणि विचारावी तशीच विचारली होती, माणूस न बघता. माणूस बघितला तो मी.

"हो," मी म्हणालो. "मीच सांगितलं होतं."

बॉसने ते लिहून घेतलं. ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "बरं झालं, उलगडलं," आणि पुढच्या बैठकीला गेली. इथे असंच असतं. गाठ सुटली की दोरी उचलून ठेवतात.

आम्ही दोघं त्या खोलीत उरलो. मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला आधी विचारायला हवं होतं."

ती लॅपटॉप मिटत होती. "समोर बसते मी," ती म्हणाली. "तुमच्या बायकोने मला हळदीकुंकवाला बोलावलं होतं." ती उठून गेली.

कायमचा करार तिला मिळाला, मिळायला हवा होता त्यापेक्षा उशिरा. तोवर कालव्याकाठचं ते घर दुसऱ्याने घेतलं होतं. हे तिने मला सांगितलं नाही. माझ्या बायकोने चौकशीला फोन केला तेव्हा तिला सांगितलं, आणि बायकोने ते जेवताना मला सांगितलं. त्या दिवशी तिने पोळी वाढली नाही, मी हाताने घेतली.

मला वाटलं होतं ती दुसरी नोकरी शोधेल. शोधली नाही. अजून माझ्या समोरच बसते, काम चोख करते. ईमेलखाली तिचं पूर्ण नाव यायचं, आता फक्त पहिलं नाव आणि आडनाव येतं. ऑफिसच्या यादीतूनही तिने मधलं नाव काढून घेतलं आहे. आणि मराठीत ती माझ्याशी बोलत नाही. बोलायचं झालंच तर इंग्रजीत, आणि आमच्या ऑफिसच्या इंग्रजीत 'सर' नसतं.

मी तिच्या बोलण्यात राग शोधतो, तो सापडत नाही. मग वाटतं, तो दडवलाय. मग लक्षात येतं, मी पुन्हा तेच करतोय.

यंदाच्या एक जूनला मी पाय नेला. तीही रांगेत उभी राहिली, हात मिळवला, म्हणाली, "हॅपी बर्थडे." मी तिच्यासाठी कडेचा तुकडा बाजूला ठेवला होता. तिने तो घेतला, आभार मानले.

नव्या वर्षाची यादी सुरू झाली होती. एक जूनचे ते दोघं अजून एकाच पगारावर होते आणि पाचवा हिस्सा पुन्हा नेमका त्यांच्यामध्येच संपत होता. ती बशी घेऊन जागेवर बसली. समोरून कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला, आणि माझ्या पडद्यावर तिचा मेल आला. वय सारखं असल्यास गेल्या वर्षीप्रमाणे रुजू होण्याची तारीख लावायची, हे बरोबर आहे का, कृपया लेखी कळवावं. प्रत बॉसला.

आमच्यात एका टेबलाचं अंतर होतं. मी मान वर केली असती तर तोंडी सांगता आलं असतं. मी हात पुसले आणि लिहिलं, होय, बरोबर आहे. पाठवलं. समोर तिच्या मशीनवर बारीकसा आवाज झाला. तिने माझं उत्तर उघडलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि मग पायचा तो तुकडा खायला घेतला.